ही माझी नव्हेत

खानापुरात उतरलो तेव्हा
मलप्रभेवरचं धुकं अजून हललं नव्हतं.
इम्तियाज म्हणाला, भारी! फुकटचा इफेक्ट.
चौघं आम्ही, एक उसना कॅमेरा,
ट्रायपॉडचा एक पाय सुतळीनं आवळलेला,
आणि मी, झाडूच्या दांड्याला माइक बांधून
फ्रेमच्या बाहेर उभी.

विषय: बंद पडलेला कौलांचा कारखाना.
वेळ: दहा मिनिटं, श्रेयनामावलीसकट.

कारखाना कधी सुरू झाला?
शिवलीलाच्या वहीत तीन उत्तरं.
निवृत्त कारकुनाचं एक साल,
वाचनालयातल्या स्मरणिकेत दुसरंच,
आणि तिसरं साल नव्हेच,
"नदी भट्टीत शिरली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात."
गुंजीकर सरांना फोन लावला.
तिन्ही ठेवा, सर म्हणाले, कोण बोललं ते सांगा, आणि...
पुढचं ऐकू आलं नाही.
रेंज फक्त चिमणीच्या पायथ्याशी,
तिथं गांधीलमाश्या.

नागव्वा आली जेवणाचा डबा घेऊनच.
केवढ्याला पडतंय पिक्चर? आधी तिनं विचारलं.
मग ओली कौलं कशी उचलायची ते दाखवलं,
रिकाम्या हातांनी,
जपून, जणू बाळंतिणीच्या खोलीत वावरतेय.
मोजायची कानडीत, भांडायची मराठीत:
ओंदू, एरडू, मूरू, आणि मग
"मुकादमाच्या नावानं बोटं मोडायचो बघा सगळ्याजणी!"
"मी हितं आलो तवा परकर नेसत होतो," म्हणाली.
माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये
तो "आलो" लालमातीसारखा लागला.

अभिजित ढिगाऱ्यातून एक कौल घेऊन आला,
पाठीवर तीन बोटं उमटलेली,
ओल्यात दाबली गेलेली, तशीच भाजलेली.
इम्तियाजचे डोळे चमकले.
हाच शेवट! मावशी, बोटं ठेवा यावर, सावकाश.
तिनं ठेवली.
दोन खाचा तिच्या बोटांना सैल झाल्या.
"ही माझी न्हवंत."
कॅमेरा चालू.
"तुळसाची असतील. ती लई दाबून धरायची,
कौल वाकडं व्हायचं. पगार कापायचे तिचा."

मावशी, एकदाच म्हणा ना, माझीच आहेत म्हणून.
पिक्चरला बरं पडतं.
नागव्वा हसली, डब्याचं झाकण लावलं.
"आनि तुळसाची पोरगी लोंढ्यात असती.
तिनं बघितलं म्हंजे?"

इम्तियाज बराच वेळ भिंग पुसत राहिला.

निघताना मी म्हटलं, आता एक मिनिट
कुणीच बोलू नका.
जागेचा आवाज घ्यायचा असतो,
नंतर तुकडे सांधायला लागतो.
सगळे उभे. नागव्वाही, हात बांधून, शाळेतल्यासारखी.
पत्र्यावर काहीतरी टिकटिकलं.
लांब गोव्याकडची मालगाडी.
चाळिसाव्या सेकंदाला ती कुजबुजली,
"तुळसा, काय गं हे,"
आणि माझं मिनिट वाया गेलं.

संकलनाच्या रात्री, वडगावात, अभिजितच्या माळ्यावर,
खाली मागाची खटखट चालूच,
तळओळी लिहायला बसलो.
अभिजितनं टाइप केलं: मी इथे आले तेव्हा.
मी म्हटलं, ती "आलो" म्हणाली.
चूक दिसेल, तो म्हणाला, परीक्षक पुण्याचे आहेत.
मग वाद झाला, चहा झाला, पुन्हा वाद.
शिवलीला म्हणाली, माझं मराठी तुमच्याइतकं नाही,
पण सरांनी सांगितलं नव्हतं का,
कोण बोललं ते लिहा?

"आलो" राहिलं.
तिन्ही सालं राहिली.
"माझी न्हवंत" राहिलं, आणि त्यापुढं
इम्तियाजचा आवाजही, बरं पडतं म्हणणारा.
तो त्यानं स्वतःच ठेवला.
चिमणीचा सूर्यास्त मात्र गेला,
अकरा सेकंद जास्त होत होते.
वाया गेलेलं मिनिट
मी वेगळ्या फाइलीत ठेवलंय, नाव न देता.

पहाटे घरी पोचले.
अकरावीपासून कॉलेजात मी
आले, गेले, बसले म्हणायला शिकलेय,
हळूहळू, कुणी हसू नये म्हणून.
कडी वाजवली.
कोण गे? आतून आई.
मी, म्हटलं. मी आलो.