कागदावरच्या चार ओळी

अमळनेरात, स्टँडामागच्या गल्लीत माझी लॅब.
एक फ्रिज, एक सेंट्रिफ्यूज,
समोर मुरमुऱ्यांची भट्टी, तिचा धूर काचेवर.
दिवसभर लोकांचं रक्त गोल फिरवतो,
संध्याकाळी कागद छापतो.

वैजंताला सातवा लागला होता.
रोहिदास दारातच,
चपला काढाव्यात की नाहीत, या विचारात.
'बडगुजर भाऊ, काय म्हने हाऊ कागद?'

कागद कमी बोलतो, बाई.
पहिल्या ओळीत पॉझिटिव्ह:
म्हणजे हिपॅटायटिस बी रक्तात आहे.
दुसरीत निगेटिव्ह:
म्हणजे राखणदार अजून कामावर आलेला नाही.
तिसरी म्हणते, बिऱ्हाड कालपरवाचं नसावं,
पण सहा महिन्यांनी पुन्हा बघू, मगच जुनं म्हणू.
चौथी यकृताची. आकडे शांत आहेत.
शांत म्हणजे सुटलो, असं मात्र नाही.
पुढचा नमुना जळगावला जाईल,
विषाणू किती, ते मोजायला.

'ताट येगयं करनं पडी का?'
नाही. ताटानं नाही, मिठीनं नाही,
एका कळण्याच्या भाकरीचे दोन तुकडे केले, त्यानंही नाही.
ब्लेड तेवढं वेगळं ठेव.

मग रोहिदास आत आला, चपलांसकट.
'कथाईन उनं हाई?'

त्याला कागदावर रकाना नाही.
यात्रेत एकाच सुईनं गोंदलेली
तिच्या मनगटावरची तुळस असेल,
लहानपणीची, नीट न उकळलेली काचेची पिचकारी असेल,
किंवा तिची आई,
कावीय झाली म्हणून
मुळ्यांची माळ गळ्यात घालून हिंडलेली.
मी म्हटलं, तूही हात पुढे कर.

त्याचा कागद दुसऱ्या दिवशी.
पहिली ओळ निगेटिव्ह. खाली दोनदा पॉझिटिव्ह.
तेवढंच वाचून त्याचा चेहरा उतरला.
अरे, हे पॉझिटिव्ह वेगळं.
तो तुझ्याकडेही येऊन गेलाय,
राखणदारानं हाकलला, तुला पत्ताही नाही.
कधी? कुणाकडून?
त्यालाही रकाना नाही.
रोहिदास बराच वेळ भट्टीकडे बघत बसला.
मग वैजंताची पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली.

कागदाच्या पाठीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं:
बाळ झालं की बारा तासांच्या आत
दोन इंजेक्शनं, दोन मांड्यांना.
पुढची लस चुकवायची नाही.
दवाखान्यात आधीच सांगून ठेवा.

आषाढात, पहाटे पावणेचारला फोन.
'पोरगी. दोन्ही टोचनात.
डॉक्टरले कागदनी पाठ दखाडी.'

तिचं रक्त आत्ता नाही काढायचं, म्हटलं,
नऊ महिने होऊ दे.
भिंतीवरच्या कॅलेंडरला चैत्रच नव्हता.
भिंतीवरच पेन्सिलीनं लिहिलं:
वैजंताची पोर.
पहिली ओळ निगेटिव्ह हवी,
दुसरी पॉझिटिव्ह.
झोप काही परत आली नाही.
उठून फ्रिजचं तापमान बघून आलो.