समुद्रसपाटीचा आकडा

एल आल्तोला, चार हजार मीटरवर,
पाणी लवकर उकळतं आणि बटाटे उशिरा शिजतात.
रक्तही इथे दाट असावं लागतं,
विरळ हवेतून ओढून आणायला.

प्रिमितिवा वायचो, वय एकसष्ट,
गुरुवार-रविवारच्या बाजारात
गोठवून वाळवलेले काळे बटाटे विकणारी.
तिने बोट पुढे केलं तेव्हा ते गार होतं.
नखाखाली रंगच नव्हता.

मशीनने छापलं : बारा पूर्णांक चार.
शेजारी सामान्य मर्यादा,
कुठल्यातरी बंदराच्या गावी ठरलेली असणार,
जिथे हवा भरपूर.
धोक्याची चांदणी कुठेच नाही.
अशाच कागदावर ती तीनदा घरी गेली,
पाणी उतरवायच्या गोळ्या घेऊन.
तीनदा परत आली,
दर वेळी पायात आणखी मोठे बूट.

थकवा? बाईमाणसाला असायचाच,
असं म्हणाले होते एक डॉक्टर, एक दीर,
आणि ती स्वतः.
दुखणं अंगावर काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.
पाळी जाईपर्यंत किती रक्त गेलं, विचारलं,
तर हसली :
पोती उचलताना कोण मोजतं?

रक्ताचं पाणी केलं, असं सहज बोलून जातो आपण.
मी ते काचपट्टीवर पाहिलं.
लहान, फिकट पेशी, मधोमध पोकळ,
रिकाम्या टोपल्यांसारख्या.
आणि ते सैल, सुजलेलं हृदय
त्याच टोपल्या दिवसरात्र
दारोदार पोचवत होतं.

मी समासात पेन्सिलीने लिहिलं : उंची वजा करा.
उरतात जेमतेम नऊ.
डॉक्टर उर्किसो कागद धरून उभ्याच राहिल्या.
दुपारी शिरेतून लोह सुरू झालं,
कोऱ्या चहाच्या रंगाचं.

एप्रिलमध्ये ती आली.
केबल कारच्या जिन्यावर दोनदाच थांबले, म्हणाली,
आधी पाचदा थांबायची.
हृदय तेवढंच मोठं आहे, रात्री उशा अजून दोन लागतात.
पदराआडून नव्हे, पाठीवरच्या रंगीत गाठोड्यातून
तिने मूठभर बटाटे काढले.
रात्रभर भिजत घाल, घाई करू नको.

सात नंबरच्या खाटेवरची कासिल्दा
त्याआधीच्या हिवाळ्यातली.
तिचा आकडाही बाराच्या वरचा होता.
चौथ्या वेळी तिची मुलगी एकटीच आली,
रिपोर्ट न्यायला.
मी सही घेतली आणि दिला.
नक्कल माझ्या खणात आहे,
समास कोरा.