सताप

तेलाच्या डब्याला खिळ्याने तीन भोकं पाडून
येशीमेबेतने लावली सताप,
देब्रे मार्कोसच्या लाल मातीत
मूठभर राख कालवून.
पाणी बेताचंच. लाड केले की मरते, म्हणते.

तिच्या भाषेत हिचं नाव 'आदमचं आरोग्य'.
लेकराच्या पोटात कळ आली की दोन पानं चुरडून,
एरवी कॉफीत एक डहाळी, बुडवून काढायची
किंवा राहू द्यायची.
वास असा की डासांना कळतो, पाहुण्यांनाही.

कुंपणाच्या पत्र्यापलीकडे वुबालेम.
सांडपाण्याच्या पाटावरून बोलणं तुटलं, त्याला नऊ वर्षं.
पण दुपारी इकडे बिया भाजल्याचा धूर वर गेला
की पत्र्यावरून एक हात येतो,
शेंडा खुडतो, जातो.
येशीमेबेत शेगडीकडे बघत राहते.
निखाऱ्यांत काय बघायचं असतं एवढं!

यंदा मोठ्या उपासात हात आला नाही.
आठवडा. दुसरा.
झुडूप वेडंवाकडं वाढलं, पिवळं फुललं,
बुंध्याशी लाकूड धरलं.
तेव्हा कळलं तिला, छाटणी कोण करत होतं.

तिसरा पेला, आशीर्वादाचा, तसाच ठेवून
ती रस्त्याने वळसा घालून गेली.
सत्तावीस पावलं.

वुबालेमचा पाय प्लास्टरमध्ये.
खिडकीत बाटल्या, सहा-सात,
प्रत्येकीत एक काळी पडलेली काडी.

"चोरीची रुजत नाही गं," वुबालेम म्हणाली,
"आता तुझा हातगुण बघू."
आणि लगेच,
"पाट मात्र तुमचाच चुकलाय."