हुकूम यायच्या आधी

जाबरियात, चौथ्या मजल्यावर, रात्रीचे पावणेदोन.
बाहेर अजून अडतीस अंश, काचेला बाहेरून घाम.
आत माझी बोटं गारठलेली
आणि भिंगाखाली दोन दिवसांच्या उंदराच्या पिल्लाचं दृष्टिपटल,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ.

या पेशींचं अजून ठरायचंय.
त्या ठरवत नाहीत.
त्यांचं ठरतं.

डॉक्टर बुथैना सांगतात,
कुणी काही बोललंच नाही
तर यातल्या बहुतेक निळं बघायला बसतील.
निळं ही त्यांची उपजत खोड.
मग एक जनुक जागं होतं,
एनआरएल, तीन अक्षरांचा मुकादम,
म्हणतं, तू नाही. तुला रात्रपाळी.

आणि पेशी रंगांवर पाणी सोडते.
न लागणारी पानं गाभ्यात मधोमध दुमडून ठेवते,
उजेडाला वाट हवी म्हणून,
आणि टपून राहते
प्रकाशाच्या एका दाण्यासाठी.

दुसऱ्या काचपट्टीवर आम्ही मुकादमच काढून टाकलाय.
पिल्लू तीन आठवड्यांचं.
सगळ्या निळ्या.
(खूण म्हणून लावलेला रंग हिरवा आहे,
त्याचा अर्थ निळा. सवय होते.)
रोवेना म्हणाली, किती सुंदर.
सुंदरच. फक्त अंधारात आंधळं.

अब्बा बाणकोटहून शुऐबा बंदरावर आले
तेव्हा कागदावर त्यांच्यासाठी एकच शब्द होता,
हारिस.
तो शिक्का आठ दिवस उशिरा पडता
तर मामूच्या होडीवर गेले असते,
जन्मभर खाडीचं पाणी बघत.
सव्वीस वर्षं रात्र राखली.
सुट्टीवर आले की भरदुपारी झोपायचे,
काळोखात हरवलेली सुई हाताला लागायची त्यांच्या,
आणि ईदच्या माझ्या हिरव्या फ्रॉकला
म्हणायचे, आकाशीच ना गं हा?
मी चिडायचे.
कुणी मला सांगितलं नव्हतं
की विचारायचं असतं,
तुम्हाला काय व्हायचं होतं.

साडेचारला फोन लावला.
तिकडे सात वाजलेले, पण आवाज रात्रीचाच.
काय बघत होतीस एवढा वेळ?
निळं, म्हटलं. खूप आहे इथं.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले,
बत्ती विझव. कडी बघ. मगच नीघ.