टकटक

ब्रिस्बेनच्या या चढावरची जुनी घरं
परकर खोचून ओढा ओलांडणाऱ्या बायांसारखी
लाकडी खांबांवर उभी.
प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची टोपी,
खालून कुणी लपून चढू नये म्हणून.
चढायचंच तर टोपीला वळसा घालून,
मातीची नळी बांधत, उघड्यावर,
माझ्या टॉर्चच्या उजेडात यावं.

सव्वीस वर्षं मी खांब बघतोय.

एनिड कार्मोडी, वय एक्क्याऐंशी,
दारातच म्हणाली, बूट असू दे, पण हळू चाल.

मी घराखाली पाठीवर सरपटत गेलो.
वर सिओने, माझा नवा पोरगा,
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळ्या वाजवत होता.
त्याला शिकवलंय:
भरीव लाकूड हाकेला ओ देतं,
पोखरलेलं नुसतं हो हो म्हणतं.

न्हाणीघरामागे नळ गळत होता, किती वर्षं कोण जाणे.
ओलावा मोजायचं यंत्र तिथून किंचाळत गेलं
थेट जेवणाच्या खोलीपर्यंत.
भिंतीला ताजा दुधी रंग.
बोट टेकवलं, आणि रंगच तेवढा जाणवला,
मागे काही नाही.
लगेच हात काढून घेतला.
आमच्यात हा पहिला नियम. डिवचलं
की ती वाट बदलते,
मग घर आपल्याला काहीच सांगत नाही.

भिंतीला कान असतात म्हणतात.
या भिंतीला दात होते.

एनिड खुर्ची ओढून तिथेच बसली.
"रात्री ऐकू येतं. लायल गेला त्या हिवाळ्यापासून.
आधी वाटलं, उंदीर.
मग एकदा मी बोटाने वाजवलं, टकटक.
क्षणभर सगळं गप्प.
आणि मग पलीकडून,
कोरड्या तांदळावरून कुणी हात फिरवावा, तसं.
तेव्हापासून झोपायच्या आधी वाजवते."

मला ठाऊक होतं ते काय.
धोका आला की वाळवीतले शिपाई डोकी आपटतात,
बाकीच्यांनी पळावं म्हणून.
दोन वर्षं ही शुभरात्री म्हणत होती
आणि पलीकडे रोज युद्धाचा नगारा.

बोललो नाही.

उपचार सांगितला, सगळ्यांना सांगतो तसाच:
भिंतीवर पेटी बसवायची, पेटीत आमिष.
घाईचं विष उपयोगाचं नाही,
घाईने खाणाराच मरतो फक्त.
हे खाऊन कामकरी घरी जातात,
तोंडातला घास काढून दुसरीला देतात,
दुसरी तिसरीला.
शिपायांना स्वतः खाता येत नाही, त्यांना भरवतात.
राणीला भरवतात. पिलांना.
माझा बाप भात्याने सोमल फुंकायचा,
तेही असंच पोचायचं, अंगाअंगावरून.
एकमेकांचं इतकं करतात
म्हणून तर औषध लागू पडतं.

एनिड टेबलावरचा चमचा सरळ करत राहिली.
"लायलला शेवटी मीच भरवायचे," म्हणाली.
मग: "किती दिवस?"
आठ ते बारा आठवडे.
"आवाज एकदम जाईल, की हळूहळू?"

माझ्या अहवालात बावीस रकाने आहेत.
खांब, गळती, कुंपणाला टेकलेली झाडं,
पायरीखाली रचलेलं सरपण.
हा प्रश्न कुठे लिहायचा
ते मला सापडलं नाही.

अकराव्या आठवड्यात भिंत उघडली.
आत जुन्या वहीसारखी पानं पानं,
आणि हालचाल नाही.
सुतार आला, नवी फळी बसली,
पाइनचा वास पार जिन्यापर्यंत.
बिल दिलं. तिने चष्मा लावून
दोनदा बेरीज केली.

मी घराखाली हत्यारं आवरत होतो.
संध्याकाळ होत आली होती, डास लागले होते.
वरून आवाज आला.
टकटक.

मग काही नाही.
मग पुन्हा, जरा हळू.

मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला
आणि मुठीने फळीला खालून दोनदा टेकवलं.

सिओने बघत होता.
म्हटलं, तपासतोय.