चौदाव्याचं भोक

ड्रमॉर्नीला दोन कोर्स. धाकटा पाइनच्या झाडीतून,
चिंचोळा, सरळ; चेंडू वाकडा गेला
की खोडावर टक्‌ वाजतं
आणि आपली चूक आपल्याला तिथल्या तिथे कळते.

थोरल्यावर एकही झाड नाही.
नऊ होल समुद्राच्या कडेनं उत्तरेला,
वारा पाठीवर हात ठेवून नेतो,
माणूस मनातल्या मनात भाषण तयार करू लागतो,
मग नववं संपतं, वळायचं,
आणि तोच हात छातीवर येतो.

सहाव्याच्या बंकरला शिडी ठेवलीय, तीन पायऱ्यांची.
एक बिशप तिच्यावरून वर आले होते, दातांत वाळू,
जे बोलले ते कॅडीनं कुणाला सांगितलं नाही.
अकरावा फेअरवे न झटकलेल्या अंथरुणासारखा:
मधोमध मारलेला चेंडू कडेला जाऊन बसतो,
कडेचा, गोर्सच्या काट्यांत.
नकाशात हे दिसत नाही.
नकाशात चौदावं म्हणजे एकशे चौसष्ट यार्ड, पार तीन,
पोराटोरांचं काम.

पण अवघड काय, ते यार्ड ठरवत नाहीत.
सव्वाचार इंची भोक ठरवतं,
आणि ते रोज पहाटे माझा बाप कापतो.
लॅक्लन गेडिस, एक्केचाळीस वर्षं,
बूट-मोजे काढून, तळव्यांनी चाचपत.
उतार डोळ्याला फसवतो, म्हणतो, टाचेला नाही.

स्पर्धेच्या शुक्रवारी ऑकिन्लेकसाहेब आले.
‘पोरं फार कमी फटक्यांत घरी येतायत, लॅक्लन.
कोर्सला जरा दात फुटू देत.’

शनिवारी साडेचारला समुद्रावरून धुकं आलं.
हार म्हणतात इकडे त्या धुक्याला.
बादली माझ्याकडे, कटर त्याच्याकडे.
चौदाव्यावर तो चालला, थांबला, मागं आला.
‘इथं.’
दोन हात चुकलं होतं.
ग्रीनच्या कण्यावर, जिथं पाणीसुद्धा थांबत नाही.
हिवाळ्यापासून त्याच्या बुबुळांवर साय धरलीय,
घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.
मी बादली या हातातून त्या हातात घेतली.
त्यानं कटर दाबला, फिरवला,
गवताची टोपी घातलेला मातीचा गोळा काढून
कालच्या भोकात बसवला,
थोपटला, झोपलेल्या पोराला थोपटावा तसा.

दिवसभर चेंडू भोकाच्या ओठापर्यंत जायचे,
विचार करायचे,
आणि मारणाऱ्याच्या पायाशी परत यायचे.
एक डॅनिश पोरगा आधी हसला.
चौथ्या पटला त्यानं टोपी काढून खिशात कोंबली.
संध्याकाळी टीव्हीवरचा माणूस म्हणाला, निर्दय, पण काय बुद्धी!
ऑकिन्लेकसाहेबांनी हात दोन्ही हातांत घेतला.

रात्री स्वयंपाकघरात, घमेल्यात पाय सोडून,
बाबा टॉवेलाकडे बघत म्हणाला,
‘सांगितलं का नाहीस, इशबेल?’
‘तुला कळलं होतं?’
‘टाच सांगत होती.
मला वाटलं, तीच म्हातारी झाली.’

रविवारी तो ग्रीनच्या कडेला उभा राहिला, बूट घालून.
मी माझे काढले. दव इतकं गार
की पहिली काही पावलं मला फक्त गारच कळलं.
मग उजवा पाय किंचित खाली गेला, किंवा तसं वाटलं.
त्याच्याकडे पाहिलं. तो समुद्राकडे पाहत होता.
मी कापलं.
कालच्या भोकात आजची माती बसवली,
ती नखभर वर राहिली.
तो आला, काही बोलला नाही,
बुटाच्या चवड्यानं हळू दाबून गेला.