चिंचोक्याचा भाव

लातूरच्या बाहेर, नव्या हॉलमध्ये
तीन दिवस परदेश भरला होता.
दारात तुरीच्या डाळीची रांगोळी,
तिच्यात हळदीचं जहाज, कुणाच्या तरी चाकानं
एका बाजूला बुडालेलं.
मी दुभाषी. एरवी औसा रोडला इंग्रजीचे क्लास घेते,
इथं दिवसाला दोन हजार, वर जेवणाचं कुपन.

स्टॉल सत्तेचाळीस. हालकुडे ट्रेडिंग. चिंच.
महालिंगप्पा शेठनी कोट शिवून घेतलेला,
आणि कोपऱ्यात, लाकडी ठोकळ्यापाशी,
‘लाइव्ह डेमो’ म्हणून बसवलेली सोजरबाई.
गळ्यात ओळखपत्र, नावाखाली ‘एक्झिबिटर’.
ते तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं,
मग पदराखाली सारलं,
कुणी परत मागू नये म्हणून.

ठोक. टरफल. शीर ओढायची.
ठोक. गर डावीकडं, चिंचोका उजवीकडं.
‘एसीनं चिंचबी थिजलालीय बाई, सुटंना.’

दुबईचे आले, गर दाबून ओलावा विचारून गेले.
रॉटरडॅमच्या बाईंना फवारणीची नोंद हवी होती.
मी म्हणाले, बांधावरची झाडं ही,
कुणी लावली तेच ठाऊक नाही, फवारतंय कोण!
त्यांच्या कागदावर एवढ्याला रकाना नव्हता.

दुपारी हॉल जेवायला गेला.
सोजरबाईनं कनवटीची पिशवी सोडली:
चार चिंचोके, दगडावर घासून अर्धे केलेले,
एक अंग काळं, एक पांढरं.
‘टाका की बाई. येळ जाईल.’
मी टाकणार, तेवढ्यात ओसाकाचे मोरिता
बूट काढून, मांडी घालून समोर बसलेले.
त्यांनी टाकले.
चारी पांढरे.
‘बघा, पहिल्याच डावाला!’ तिनं हसू पदरात धरलं.

त्यांनी एक उचलला, उजेडात फिरवला,
नखानं खरवडून जिभेला लावला,
आणि मला विचारलं, अगदी हळू:
याचा भाव काय? महिन्याला किती कंटेनर?
गर नको होता त्यांना. हेच हवं होतं.
याची पूड पडली की सॉस दाट होतो,
आइस्क्रीम उशिरा वितळतं.
शेठ पानावरून उठले, हात न धुता.

आमच्याकडे रीत अशी की गर शेठचा,
चिंचोका फोडणारणीचा, मजुरीवर.
आठवड्याला अर्धं पोतं.
थंडीत चुलीला, भाजून-भरडून म्हशीला,
एका वर्षी तर पोरीच्या वह्यांना.
हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.
कुणी विचारलंच नव्हतं.

शेठ कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत
सोजरबाईचा हिशेब होऊन गेला होता.
‘म्हंजी सोमवारपासनं चिंचोकाबी तोलून घेनार.’
शेठ म्हणाले, बघू की.
मोरिता माझ्याकडं पाहत होते: काय म्हणाल्या त्या?
शेठही पाहत होते.

वाक्य गाळायचं नाही, एवढाच आमच्या धंद्याचा नियम.
मी सांगितलं. वह्या, म्हैस, सोमवार, सगळं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
थोड्या वेळानं काढलं.
वहीत काय लिहिलं ते मला वाचता येणार नव्हतं,
वरून खाली उतरणाऱ्या दोन ओळी.

संध्याकाळी फोटो झाले, सह्या उद्यावर गेल्या.
माझं कुपन खिशातच राहिलं.
पिशवी बांधताना सोजरबाईला तीनच सापडले.
‘चौथा त्या पाव्हण्यानं न्हेला वाटतं. नमुना म्हनून.’
रागावली होती की नव्हती, कळलं नाही.
तिनं उजवीकडच्या ढिगातून एक निवडला,
हिरव्या कार्पेटचा कोपरा वर केला,
खालचा खरबरीत सिमेंट बोटानं चाचपला,
आणि घासायला बसली.